मुलतानीतली घासलेली जागा

नानासो मान्यांना राग आधी येई आणि कारण मागाहून सापडे, असं तासगावात सगळेच म्हणत. त्यांची बायको राहीबाई तर म्हणायची, पलटणीच्या बँडमध्ये एकवीस वर्षं क्लॅरिनेट फुंकून जो वारा उरला तो आता रागाच्या वाटेनं बाहेर पडतोय. पण शेहेचाळीस सालच्या फाल्गुनात, एका दुपारी, त्यांना जो राग आला त्याला खरोखरच कारण होतं, आणि ते सोप्यात बसलेल्या साऱ्या मंडळींनी आपल्या कानांनी ऐकलं होतं.

त्या दुपारी नानासोंनी मुद्दाम माणसं बोलावली होती. भजनी मंडळाचे तात्याबा, पोस्टमन आकाराम, शेजारचे दोघंतिघं. तात्याबा चार गावांत पेटीवर भजन म्हणणारे. त्यांचं म्हणणं असं, की फोनोतलं गाणं म्हणजे वाळवलेली भाजी, तिला ओल्या भाजीची चव कुठली? हे मत खोडून काढायचं म्हणून नानासो पंधरा दिवस रेकॉर्डची आपली पाळी यायची वाट बघत होते. सकाळीच डबा आला. त्यांनी घोंगडीवर फोनो मांडला, चावी दिली, नवी सुई लावली आणि बँडमास्तरासारखं उभं राहून सगळ्यांना आधी समजावून सांगितलं. ही मिरजेच्या सिद्धुबुवांची मुलतानी. बुवा वारले, मागं एवढी एकच रेकॉर्ड राहिली. सव्वातीन मिनिटांचं गाणं. दोन मिनिटं झाली की बुवा दम घेतात, आणि मग वरच्या षड्जावरून जी तान खाली उतरते ती ऐकून माणसानं तासभर तोंड उघडू नये. तेवढ्या तानेकडे लक्ष ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

सगळे लक्ष ठेवून बसले. बुवांनी दम घेतला. गुरू थांबला की मागं तंबोरा धरून बसलेला शिष्य आपला आवाज लावतो आणि रिकामी जागा भरून काढतो, ही गाणाऱ्यांची रीतच आहे. तसा शिष्याचा आवाज आला, आणि सुई तिथंच अडकली. आऽ, आऽ, आऽ. स्वराचा अर्धा तुकडा, तोच आणि तसाच, चिखलात रुतलेल्या रेडकानं हाका माराव्यात तसा फिरून फिरून येत राहिला. तान काही आली नाही. बाराव्या वेळेला तात्याबांनी अगदी शांतपणे विचारलं, "ह्येच व्हय तुमचं बुवा?"

सारा सोपा हसला. आकाराम तर खांबाला टेकून डोळे पुसत हसला. नानासोंनी फोनोचा हात उचलला, रेकॉर्ड काढली आणि अंगणात उन्हात नेऊन धरली. सगळी रेकॉर्ड काळीभोर चकाकत होती. फक्त एका ठिकाणी, जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या रुंदीचा राखाडी पट्टा पडला होता. त्या पट्ट्याच्या अलीकडे काही नाही, पलीकडे काही नाही. कुणीतरी नेमकी तेवढीच जागा धरून, पुन्हा पुन्हा सुई टेकवून, ती खरवडून काढली होती.

कुणी, ते शोधायला नको होतं. त्या रेकॉर्डला दोनच मालक होते. एक नानासो, आणि दुसरे वाईचे मानसिंगराव जमदाडे.

ही भागीदारी भांडणातूनच झालेली. बेचाळीसच्या दिवाळीत नानासो सांगलीला गेले होते. बेळगावच्या छावणीत असताना त्यांनी सिद्धुबुवांची मुलतानी एकदा समोर बसून ऐकली होती आणि ती त्यांच्या डोक्यातून कधी गेली नव्हती. पेठेतल्या दुकानात बुवांची रेकॉर्ड आहे असं कळलं म्हणून ते धावले. तिथं हळद विकायला आलेला वाईचा एक शेतकरी तीच रेकॉर्ड छातीशी धरून उभा होता. दुकानात तेवढीच एक होती, आणि लढाईमुळे नवी येईल याचा भरवसा नव्हता. नानासोंनी रेकॉर्डची दुसरी कड पकडली. कुणी सोडीना. शेवटी दुकानदार वैतागून म्हणाला, दोघांत मिळून घ्या आणि पंधरा-पंधरा दिवस वाजवा, नाहीतर मी तिसऱ्याला देतो. तिसऱ्याचं नाव निघाल्यावर मात्र दोघं लगेच कबूल झाले.

तेव्हापासून रेकॉर्ड फिरत होती. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, आत भाताचं तूस, आणि तुसात जुन्या धोतरात गुंडाळलेली रेकॉर्ड. जोतिबा ड्रायव्हर सर्व्हिस मोटारीतून डबा साताऱ्याला न्यायचा, तिथून त्याचा मेव्हणा वाईला. चळवळीच्या दिवसांत कऱ्हाडच्या नाक्यावर पोलिसांनी एकदा तो बाँब म्हणून उघडला होता आणि तूस अंगभर उडवून घेतलं होतं. डब्याच्या मागोमाग कार्ड जाई. ज्याची पाळी संपली त्यानं रेकॉर्ड कशी वाटली ते पोस्टकार्डावर लिहून कळवायचं, असा रिवाज आपोआप पडून गेला. पोस्टकार्ड उघडंच असतं. त्यामुळे आकाराम ते चावडीपाशी मोठ्यानं वाचत असे आणि मगच घरी पोचवत असे.

मानसिंगरावांची कार्डं साधी असत. मुलतानी ऐकली, समाधान झाले, इकडे हळद बरी आहे, कळावे. नानासोंची कार्डं मात्र गाव वाट बघून ऐकायचं. बुवांची तान कुठून सुटते, कुठल्या स्वरावर क्षणभर थबकते, हे ते चार ओळींत असं लिहीत की गाणं न कळणाराही मान डोलवी. आणि मग उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात, ते त्या शिष्यावर घसरत. बँडात त्यांना सुराची खोटी खुशामत कधी जमली नव्हती. कर्नलच्या मडमेला, बाई, तुमचा पियानो उतरलाय, असं तोंडावर सांगून त्यांनी आपली बढती घालवली होती. मग मिरजेच्या कुठल्या बिननावाच्या शिष्याची भीड ते कशाला ठेवतील? 'मागे बसलेल्या इसमाचा गंधार चढतो, त्यास कोणी तरी खाली ओढावे.' 'बुवांनी श्वास घ्यावा तर हा पंगतीत न बोलावता बसल्यासारखा मध्ये बसतो.' 'तंबोरा याच्या हाती देण्यापेक्षा बैलाच्या शिंगाला बांधला असता तर बरे झाले असते.' दर महिन्याला नवी शिवी असायची. चार वर्षांत चाळीसभर कार्डं गेली, आणि मानसिंगरावांनी त्या शिष्याविषयी होय की नाही, एक अक्षर कधी लिहिलं नाही.

गेल्या सालापासून त्या जागी रेकॉर्ड सरसरू लागली होती. नानासोंनी विचारलं तर उत्तर आलं, सुई नवीच वापरतो. आणि आता हे. शिष्याच्या आवाजाला लागूनच बुवांची तान सुरू होत होती. ती जागा गेली म्हणजे तान गेली, आणि तान गेली म्हणजे बुवा दुसऱ्यांदा मेले.

"उद्याच्या मोटारीनं वाईला जातो," नानासो ओरडले. "रेकॉर्ड माझी. आता त्याला हातसुदिक लावू द्यायचा न्हाई."

राहीबाई जोंधळा पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "येवढी एकच जागा का घासलीया, ते इचारलंसा का त्येस्नी?"

"त्येच्यात काय इचारायचं? आडमुठा हाय म्हणून."

"आडमुठा माणूस समदी घासंल की," राहीबाई म्हणाली आणि पाखडत राहिली. नानासोंना ते ऐकू आलं, पण रागात माणसाला जे ऐकू येतं ते पोचतंच असं नाही.

दुसऱ्या दिवशी ते डबा मांडीवर घेऊन मोटारीत बसले. जोतिबानं टपावर ठेवा म्हटलं तर त्याच्याकडे असं बघितलं की तो गप गाडीला हँडल मारायला गेला. मोटार कोळशाच्या ग्यासवर चालणारी, चढ आला की दमायची. मग उतारू खाली उतरून ढकलायचे. नानासो उतरले नाहीत. ते आत बसून, मानसिंगरावाला काय काय सुनवायचं त्याची वाक्यं जुळवत होते. हळद शिजवणाऱ्यानं चूल फुंकावी, फोनोला हात लावू नये, हे एक. वर्षभर नव्या सुईच्या नावानं खोटं लिहिलंत, हे दुसरं. कऱ्हाडच्या पुढं त्यांना आणखी चांगलं तिसरं सुचलं, आणि साताऱ्यापर्यंत ते मनातल्या मनात पाठ करत गेले.

वाईत पोचले तेव्हा दुपार कलली होती. घाटापासून थोड्या अंतरावर मानसिंगरावांचं घर. अंगणभर शिजवलेली हळद वाळत घातलेली आणि त्या उग्र वासानं सगळी आळी भरलेली. मानसिंगराव कोपरापर्यंत पिवळे हात घेऊन हळद परतत होते. नानासोंनी त्यांना दुकानातल्या त्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं. माणूस फार वाळला होता. पण नानासोंनी पाणीही घेतलं नाही. उभ्या उभ्याच तिन्ही वाक्यं बोलून टाकली, आणि चौथं ऐन वेळी सुचलं तेही बोलले.

मानसिंगराव ऐकत होते. मधे एकदाही त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि नानासोंना त्याचा जास्तच राग आला. भांडायला आलेल्या माणसाशी न भांडणं यासारखा दुसरा अपमान नाही. बोलणं संपल्यावर मानसिंगरावांनी हात धुतले, डबा घेतला आणि या म्हणाले.

आत खिडकीपाशी फोनो होता. शेजारी एक सहाण आणि तिच्यावर घासून टोक काढलेली एकच सुई. ती बघताच नानासोंच्या डोक्यात तिडीक गेली. ते खिशातून आपल्या सुयांची डबी काढून काही बोलणार, तेवढ्यात मानसिंगरावांनी रेकॉर्ड लावली आणि फिरत्या रेकॉर्डवर हात उचलून सुई टेकवली. त्यांनी रेकॉर्डकडे बघितलंसुद्धा नाही. सुई नेमकी त्या राखाडी पट्ट्याच्या कडेला उतरली. बुवांच्या आवाजाचं शेवटचं टोक, दम, आणि मग तो मागचा आवाज. नानासोंनी बँडात चांगले चांगले हात बघितले होते. असा नेम त्यांनी कुणाचा बघितला नव्हता. हा एका दिवसाचा सराव नव्हे, एवढं मात्र त्या रागातही त्यांना कळलं.

सुई अडकली. आऽ, आऽ, आऽ. नानासोंनी ती उचलायला हात पुढं केला, तर मानसिंगरावांनी त्यांचं मनगट धरलं.

"असूं द्या," ते म्हणाले. "माजा पोरगा हाय त्यो."

चहा घेऊन आलेल्या रंगूबाई, मानसिंगरावांच्या मालकीण, दारातच थांबल्या. आवाज चालू होता तोवर त्या आत आल्या नाहीत, बशीतला पेला हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. फोनोची चावी उतरत गेली तसा आवाज जड झाला आणि थांबला. मग त्यांनी चहा ठेवला आणि परत गेल्या.

मानसिंगरावांनी जे सांगितलं ते थोडंच होतं. मुलाचं नाव दौलत. अठराव्या वर्षी गाण्यासाठी घर सोडून मिरजेला पळाला. बुवांनी ठेवून घेतला. मानसिंगराव त्याला मारत घरी घेऊन आले होते. हे नाच्या-गाणाऱ्याचं घर नाही असं म्हणून त्यांनी त्याचा तंबोरा परसात मोडला आणि हळदीच्या चुलीत घातला. घरात गुणगुणायलाही बंदी केली. दौलत पुन्हा पळाला. एकोणचाळीस साली बुवांनी त्याला रेकॉर्डिंगला मुंबईला नेलं, मागं बसवलं. पुढच्या साली मानसिंगरावांनी त्याला शोधून आणला आणि भरतीच्या साहेबापुढं स्वतः उभा केला. छातीचं माप भरलं, तो पलटणीत गेला. बोटीवरून त्याचं कार्ड आलं: आबा, प्लेट निघाली आहे, बुवा दम घेतात तिथं मी आहे. त्यानंतर तार आली, आफ्रिकेत केरनच्या लढाईत तो पडल्याची.

केरन म्हटल्यावर नानासोंना पुढचं सांगावं लागलं नाही. ती पलटण त्यांचीच.

"घरात कवा गाऊ दिलं न्हाई मी त्याला," मानसिंगराव म्हणाले. "त्यो कसा गातोय ते मला ठावंच न्हवतं. वरीसभर ही प्लेट हुडकत होतो. तवा कळलं, असा गायचा."

नानासोंच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटली की त्यांना पहिल्यापेक्षा दुप्पट राग यायचा. खुंटीला एका तारेत ओवलेली कार्डं लोंबत होती. अक्षर त्यांचंच. सगळ्यात वरच्या कार्डावर बैल, शिंग आणि तंबोरा होता. ही कार्डं वाईच्या पोस्टमननंही कुठंतरी मोठ्यानं वाचली असणार, आणि मग ह्या घरात आणून दिली असणार.

"आवं, मग सांगायचं न्हाई?" ते ओरडले. "चार वर्सं मला शिव्या घालू दिल्या? एका कार्डात लिवलं असतंसा तर माजा हात झडला असता पर..."

"सांगितलं असतं तर तुमी खरं लिवलं असतं का?"

नानासोंनी नजर तारेतल्या कार्डांकडे वळवली.

"दिवसाला लोक आलं," मानसिंगराव म्हणाले. "पोरगा शूर हुता म्हणलं, गुणी हुता म्हणलं. गात हुता म्हून कुणी म्हणलं न्हाई. प्लेट ऐकून समदी बुवाचं नाव घेत्यात. मागं कोण हाय, कुणाच्या कानाला येत न्हाई. तुमच्या तेवढं आलं. शिव्या असूं देत. दर म्हैन्याला त्येच्या गाण्यावर लिवणारं जगात तुमी एकलंच."

बाहेर रंगूबाई हळद उलथत होत्या, तिचा कोरडा खळखळाट येत होता. मानसिंगरावांनी पुन्हा चावी दिली. यावेळी नानासोंची डबी पुढं ओढून त्यातली नवी सुई लावली आणि थोडं अलीकडून सुरुवात केली. नवी सुई त्या घासलेल्या जागेवरून कशीबशी पलीकडे गेली. बुवांचा दम, दौलतचा आवाज, आणि मग तान, सरसरणारी, चिरफाळलेली. नानासोंनी चार वर्षांत पहिल्यांदा तानेकडे लक्ष दिलं नाही.

"आता म्होरं बसून सांगा," मानसिंगराव म्हणाले. "तुमी बँडातलं जाणकार. सुरात हाय का पोरगा?"

असा प्रश्न असतो तेव्हा शंभरातली नव्व्याण्णव माणसं होय म्हणतात आणि पुण्य घेतात. नानासोंना ते कळत होतं. पण एकवीस वर्षं ज्या कानावर त्यांनी भाकरी खाल्ली होती तो कान आडवा आला. "न्हाई," ते म्हणाले. "गंधार चढतोय." मग त्यांनाच ते सहन होईना म्हणून घाईघाईनं पुढं म्हणाले, "पर दम लय मोठा हाय. बुवा दमलं, ह्यो दमला न्हाई. दोन वर्सं आणिक बसला असता गुरूपुढं, तर गंधार बसला असता."

"दोन वर्सं," मानसिंगराव म्हणाले.

मुलाला गुरूपुढून उठवून भरतीला उभा केला तो ह्याच बापानं, ते नानासोंच्या तेव्हा ध्यानात आलं. बोललेलं परत गिळता येत नाही. ते चहा थंड झालाय म्हणून उगाच कुरकुरले.

निघताना डबा त्यांनी उचलला नाही. मानसिंगरावांनी आठवण केली तर म्हणाले, मोटारीत जागा नाही. सुयांची डबीही तिथंच राहिली. छावणीच्या कँटीनमधून जपून आणलेली ती शेवटची डबी होती. रात्री साताऱ्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी ते मोटारीत बसले आणि तासगाव येईपर्यंत धुमसत राहिले. भरतीच्या साहेबावर धुमसले, तंबोरा जाळणाऱ्या बापावर धुमसले, शिष्याचं नाव रेकॉर्डवर न छापणाऱ्या कंपनीवर धुमसले. कऱ्हाडच्या चढाला जोतिबानं उतरा म्हणायच्या आधीच ते खाली उतरले आणि सगळ्यांच्या पुढं जाऊन, दात आवळून मोटार ढकलली. बैलाच्या शिंगाचं ते कार्ड काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

राहीबाईनं रिकामे हात बघितले. "डबा?"

"इचारू नगंस," नानासो ओरडले. तिनं भाकरी वाढली आणि शेजारी बसून राहिली. तिसऱ्या घासाला त्यांनी आपणहून सगळं सांगितलं, आणि सांगताना दोनदा तिच्यावरच खेकसले.

त्या आठवड्यात त्यांनी कार्ड लिहिलं. 'रा. रा. मानसिंगराव यांस नानासो माने यांचा रामराम. विनंती विशेष. रेकॉर्ड आपल्याकडेच असू द्यावी, माझी पाळी धरू नये. एका बाजूस एक सुई वापरावी. घासून वापरल्याचे कळल्यास मी परत वाईस येईन व त्या वेळी इतके थोडे बोलणार नाही. दौलत कसा वाजतो ते पंधरवड्यास कळवत जावे.' शेवटच्या ओळीत रेकॉर्डऐवजी दौलत लिहिलं गेलं. ते त्यांनी खोडलं नाही.

कार्डं येऊ लागली. मानसिंगराव आता हळदीचं लिहीत नव्हते. 'आज दुपारी वाजवली. गंधार चढतो.' 'काल वाजवली नाही, पाहुणे होते. आज वाजवली. गंधार चढतो, दम मोठा आहे.' नानासो उत्तर पाठवत: बरोबर ऐकलेत, कान तयार होत आहे. आकारामला त्यात काही मजा वाटेना. शिव्या कुठं गेल्या म्हणून तो चावडीवर चौकशी करायचा.

आषाढात एक कार्ड आलं. आकारामनं ते वाटेतच वाचलं होतं आणि हसत हसत अंगणात आला. "आवं नाना, ह्ये बगा काय लिवलंय. 'आज गंधार बसला. चढला नाही. घरात दोघांनीही ऐकला. दोन वर्षे म्हणाला होतात, तितकीही लागली नाहीत. आपले मत कळवावे.' प्लेटीतला माणूस शिकाय लागला व्हय आता?"

नानासोंनी त्याच्या हातातून कार्ड हिसकावून घेतलं. रेकॉर्ड शिकत नसते. तीत एकदा जे बसलं ते बसलं. चढलेला गंधार शंभर वर्षांनीही चढलेलाच राहणार. फोनोची कमान सैल पडून रेकॉर्ड हळू फिरत असेल, नाहीतर ती जागा इतकी झिजली असेल की आता आवाजच उरला नसेल आणि ऐकणारा आपल्याच मनातलं ऐकत असेल. हे सगळं त्यांना एका दमात कळलं आणि त्या कळण्याचाच त्यांना भयंकर राग आला. ते आत गेले, दौत घेतली आणि एक कार्ड लिहायला घेतलं: 'रेकॉर्डमधील स्वर बदलत नसतो.' एवढं लिहून थांबले, कार्ड फाडलं आणि फडताळातून दुसरं काढलं.

राहीबाई दारातून बघत होती. ते बराच वेळ लिहीत होते. आकाराम अजून अंगणातच रेंगाळत होता. नानासोंनी कार्ड त्याच्या हातात दिलं, आणि सवयीप्रमाणे तो तिथंच वाचू लागला.

'विनंती विशेष. आपले कार्ड पोचले. मी समक्ष ऐकले तेव्हा माझ्या कानाची चूक झाली, ती पदरात घ्यावी. गंधार बसलेला आहे. मुलगा सुरात आहे. हे मी पलटणीच्या बँडात एकवीस वर्षे क्लॅरिनेट वाजवलेला माणूस म्हणून लिहून देतो. नानासो माने.'

आकारामनं मान वर केली. त्याचं हसू गेलं होतं. कर्नलच्या मडमेची गोष्ट गावात त्यालाही पाठ होती. "नाना," तो हळूच म्हणाला, "ह्ये खोटं लिवलंसा व्हय?"

"टपाल पोचवायचं तुजं काम," नानासो म्हणाले. "सुराचं मला कळतंय. आनि ह्ये कार्ड चावडीवर वाचलंस तर बग."

आकारामनं कार्ड थैलीत टाकलं आणि तो चावडीला वळसा घालून पोस्टाकडे गेला.